इंजिन बांधणं : अंदाजाकडून मापाकडे

गॅरेजमध्ये ‘इंजिन बांधलं’ असं म्हणतात. ओव्हरहॉल हा शब्द बिलावर असतो, तोंडात मात्र ‘बांधणं’च. नवख्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण दोरी कुठेच दिसत नाही. पण कामाचं स्वरूप या शब्दात नेमकं उतरलं आहे. आधी सगळं मोकळं करायचं, धुवायचं, मोजायचं आणि मग एकेक वस्तू जिथली तिथे, हवी तेवढीच आवळून, पुन्हा एका मोळीत आणायची.

मी २९ वर्षं आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड शिकवला. या पुस्तकाचे लेखक माझे विद्यार्थी नव्हेत. ते एका सहकारी बँकेत कारकून आहेत. ओळखीच्या एका लेथवाल्याने त्यांना माझ्याकडे पाठवलं. त्यांच्याकडे १९९८ची मारुती ८०० होती. सकाळी गाडी सुरू केली की सोसायटीच्या आवारात निळा धूर पसरायचा, आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल घालावं लागायचं. गॅरेजने सांगितलेला आकडा गाडीच्या बाजारभावाच्या जवळपास जाणारा होता. दारातच त्यांनी विचारलं, “सर, घरी जमेल का?” मी म्हटलं, “जमेल. पण आधी एक वही आणा.”

पुढे अकरा रविवार ते काम चाललं. ती वही म्हणजे हे पुस्तक. म्हणूनच ही प्रस्तावना लिहिण्याचा थोडा हक्क मला पोचतो असं मी मानतो.

ज्यांनी इंजिन आतून कधी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मारुती ८००च्या इंजिनात तीन सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर, आणि पिस्टन त्यात ७२ मिलिमीटर वर-खाली होतो. तिघांचं मिळून ७९६ सीसी. चौथ्या गिअरमध्ये गाडी आरामात चालली असेल आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो. तेवढ्या वेगाने लोखंडावर धातू घासला तर काही क्षणांत सगळं जाम होईल. ते होत नाही, कारण मध्ये ऑईलचा पापुद्रा असतो, आणि तो राहायला फट लागते. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली ही फट असते मिलिमीटरच्या दोन-चार शतांश भागांची. डोक्यावरचा केससुद्धा त्याहून जाड असतो.

इंजिन झिजतं म्हणजे या फटी वाढतात. सिलिंडर आणि रिंग यांच्यामधली वाढली की ऑईल वर चढून जळतं, तो निळा धूर. बेअरिंगची वाढली की ऑईलचा दाब पडतो आणि खालून ठोका ऐकू येतो. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर नीट बसेनासे झाले की दाब निसटतो, गाडी चढाला दम टाकते. इंजिन बांधायचं म्हणजे या फटी पुन्हा जागेवर आणायच्या. बाकी सगळं, म्हणजे उघडणं, धुणं, गॅस्केट बदलणं, हे त्यासाठीचं निमित्त.

कामाची पायरीही गॅरेजच्या भाषेत ठरलेली आहे. ‘हेडचं काम’ म्हणजे नुसतं वरचं झाकण काढून व्हॉल्व्ह घासणं आणि गॅस्केट बदलणं. ‘हाफ इंजिन’ म्हणजे हेड आणि रिंग-पिस्टन, क्रँकला हात नाही. ‘फुल इंजिन’ म्हणजे क्रँकसकट सगळं सुटं. यातलं आपल्याला कोणतं लागणार आहे हे ठरवण्यात निम्मा खर्च ठरतो, आणि तो निर्णय इंजिन उघडण्याच्या आधी घेता येतो, हे फार थोड्या मालकांना माहीत असतं. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टर फिरवायचा. बऱ्या अवस्थेतल्या पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते १८० पीएसआयच्या दरम्यान येतो. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा फिरवायचं. आकडा वर गेला तर दोष रिंगचा, तिथेच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. दहा मिनिटांचं काम आहे. हे न करता हजारो रुपयांचं इंजिन उघडलेलं मी कितीदा पाहिलं आहे.

ही विद्या आपल्याकडे आली कशी, तेही पाहायला हवं. निकोलाउस ऑटोचं चार स्ट्रोकचं इंजिन १८७६ सालचं. सुरुवातीच्या मोटारींत इंजिन उघडणं हा अपघात नव्हता, वहिवाट होती. तेव्हाची ऑईलं साधी असत, कार्बन लवकर साठे, आणि ठरावीक अंतर झालं की हेड काढून काजळी खरवडावी लागे. बेअरिंगही आजच्यासारखी तयार चकतीची नसत. पांढरा मऊ धातू वितळवून जागेवर ओतत, मग क्रँकला निळी शाई लावून, फिरवून, जिथे शाई लागली तिथे हाताने खरवडत. दिवस जात त्यात. तयार शेल बेअरिंगं रूढ झाली तेव्हा हे कसब मागे पडलं, पण हाताच्या अंदाजावरचा विश्वास मागे राहिला.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपा आणि ट्रक ‘डिस्पोजल’मध्ये निघाले. त्यांनी मेकॅनिकांची एक पिढी घडवली. पुढे १९५०च्या दशकात परदेशी जुळणी कारखाने गेले आणि उरल्या अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट पाहायची. अशी मिळालेली गाडी इंजिन झिजलं म्हणून कोण टाकून देणार? वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत, आणि १९७४पासून तीच गाडी पद्मिनी नावाने विकली जाऊ लागली. तिचं १,०८९ सीसीचं इंजिन दोनदा-तीनदा बांधलं जाणं ही गृहीत धरलेली गोष्ट होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तर या विद्येची चालती-बोलती शाळा. तिची रोजची धाव आणि मालकाच्या खिशातली तंगी यांच्यामध्ये कमीत कमी पैशांत इंजिन उभं करणारे हात तयार झाले. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. गाडीबरोबर ते हातही पांगले, याची बातमी मात्र झाली नाही.

शहराबाहेर दुसरी एक शाळा होती. विहिरीवरचं ऑईल इंजिन. किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ची, खडकीला. एका सिलिंडरचं, जड फ्लायव्हीलचं, संथ ठोक्याचं हे इंजिन पश्चिम महाराष्ट्रात ऊस आणि गुऱ्हाळाबरोबर वाढलं. ऐन पाण्याच्या पाळीला ते बंद पडलं की शहरातून माणूस यायची वाट पाहणं परवडत नसे. शेतकऱ्याच्या घरातलाच कोणी तरी पोतं पसरून, पाने मांडून, नोझल काढून बसे. माझ्या वर्गात खेड्यातून आलेल्या मुलांना पिस्टन कशाला म्हणतात ते शिकवावं लागत नसे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर बसलेले कितीतरी जण याच वाटेने आलेले मी ओळखतो.

तिसरी शाळा एसटीची. १ जून १९४८ला पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली आणि पुढे डेपो, विभागीय कार्यशाळा असं जाळं उभं राहिलं. तिथे इंजिन कोणा एकाच्या आवडीने बांधलं जात नाही. किलोमीटरचा हिशोब ठेवायचा, ठरलेल्या मापाला क्रँक घासायचा, त्या मापाची बेअरिंगं घालायची, नोंद करायची. रुक्ष पद्धत आहे, पण नोंदीची सवय मला तिथल्या जुन्या फोरमनांकडूनच लागली.

आणि मग डिसेंबर १९८३मध्ये मारुती आली. तिच्याबरोबर सर्व्हिस मॅन्युअल आलं, मापं मिलिमीटरच्या शतांशात आली, प्रत्येक बोल्टला किती जोर द्यायचा याचा आकडा आला. पद्मिनीचं इंजिन चुका पोटात घालायचं. मारुतीचं तसं नव्हतं. लहान, हलकं, जास्त फेरे घेणारं, बारीक रिंगांचं हे इंजिन ‘थोडं घट्टच बरं’ म्हणणाऱ्या हाताखाली शंभर किलोमीटरांत जाम व्हायचं. जानेवारी २०१४मध्ये मारुती ८००चं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत आपल्या गॅरेजांत जुनं आणि नवं असा जो झगडा झाला, त्याच्या खुणा अजून दिसतात.

त्या झगड्यातूनच आजची वळणं निघाली. पहिलं उस्तादी वळण. मी ज्यांच्या हाताखाली उमेदवारी केली, ते उस्ताद लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचे आणि लाकडी मूठ कानाला लावायचे. ब्लॉकवर एक-एक वीत पुढे सरकत सांगायचे, “दोन नंबरचा गजन पिन.” उघडलं की दोन नंबरचाच निघायचा. हे कसब खरं आहे. त्याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही आणि कोणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही. पण ते कसब दोष ओळखायचं आहे. त्याच कानाने फट मोजता येत नाही, आणि आमच्या उस्तादांना हे कळत होतं. बोअर झाल्यावर ते लेथवाल्याकडून आकडा मागून घ्यायचे, फक्त तो लिहून ठेवायचे नाहीत. त्यामुळे शागिर्दांना वाटत राहिलं की सगळं अंदाजाने होतं.

दुसरं वळण कंपनीचं. मॅन्युअल सांगेल तेवढंच, आणि मर्यादेच्या बाहेर गेलेली वस्तू बदलायचीच. हे बरोबर आहे, पण यात खर्चाचा विचार नसतो. आता तर बऱ्याच ठिकाणी सुटं काम करण्याऐवजी अख्खा खालचा भाग बदलून देतात. ज्याच्या गाडीला वॉरंटी आहे त्याला ते ठीक.

तिसरं वळण जुन्या गाड्या हौसेने मूळ रूपात आणणाऱ्यांचं. त्यांच्यामुळे दुर्मीळ भाग आणि जुनी मापं टिकून राहिली, त्याबद्दल त्यांचे आभार. त्यांचं अंदाजपत्रक मात्र आपल्या कामाचं नाही.

चौथं वळण म्हणजे भंगारातून ‘असेंब्ली’ उचलायची आणि बसवायची. कुर्ल्याला काय किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काय, पूर्वीपासून हे चालत आलं आहे. माझं मत स्पष्ट आहे: यात आपण एका न मोजलेल्या इंजिनाच्या जागी दुसरं न मोजलेलं इंजिन आणतो. शिवाय इंजिन नंबर आरसी बुकावर असतो. ब्लॉक तोच ठेवून आतलं काम केलं तर नंबर तोच राहतो, पण इंजिनच बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. ती न करता गाडी फिरवली की विमा, विक्री, चोरी, सगळीकडे मालक अडकतो.

हे पुस्तक यातल्या कोणत्याच वळणाचं नाही. लेखकाकडे उस्तादांचा कान नव्हता, कंपनीची साधनं नव्हती आणि पैसे तर नव्हतेच. त्यांच्याकडे रविवार होते. म्हणून त्यांनी एकच धोरण धरलं: मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही, आणि मोजल्याशिवाय काही परत घालायचं नाही. कमी पैशांत इंजिन बांधण्याचं याहून मोठं रहस्य मला माहीत नाही. लोकांना वाटतं की बचत स्वस्त पार्ट घेतल्याने होते. स्वस्त बेअरिंग, स्वस्त गॅस्केट घेऊन केलेली बचत दुसऱ्यांदा इंजिन उतरवताना दुप्पट होऊन निघून जाते. खरी बचत कोणती वस्तू अजून चांगली आहे हे पुराव्याने कळण्यात आहे.

त्यांच्या वहीतलंच उदाहरण देतो. गॅरेजच्या अंदाजात क्रँक घासणं आणि पुढच्या मापाची बेअरिंगं धरलेली होती. सगळेच धरतात. लेखकांनी लेथवाल्याकडून मायक्रोमीटर अर्ध्या दिवसासाठी मागून आणला आणि क्रँकच्या प्रत्येक जर्नलची मापं घेतली. आडवं एक, उभं एक, दोन्ही कडांना. सगळी मर्यादेत होती. क्रँक नुसता पॉलिश करून मूळ मापाच्या बेअरिंगांवर परत बसला. उलट सिलिंडर वरवर गुळगुळीत दिसत होते, पण दोन नंबरच्या वरच्या कडेला नख अडकत होतं. बोअर गेजने तिथली झीज ०.०९ मिलिमीटर निघाली. नुसत्या रिंग बदलून हा धूर सहा महिन्यांत परत आला असता. तिन्ही सिलिंडर ०.२५ने बोअर झाले आणि त्या मापाचे पिस्टन आले. जिथे खर्च नको होता तिथला पैसा जिथे हवा होता तिथे गेला. अख्खं काम १९ हजारांच्या आत बसलं, आणि यात इंजिन उतरवायला भाड्याने आणलेली चेन पुलीही आली.

आणखी एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण नवशिके तिथेच घाई करतात. नवी रिंग पाकिटातून काढून थेट पिस्टनवर चढवायची नाही. ती आधी सिलिंडरमध्ये ठेवायची, पिस्टन उलटा धरून तिला इंचभर खाली सारायची, म्हणजे ती सरळ बसते. मग तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजची पात घालायची. या आकाराच्या सिलिंडरला ०.२०ची पात अलगद घासत जावी. ती जात नसेल तर इंजिन तापल्यावर रिंग फुगेल, टोकं एकमेकांना भिडतील, रिंग तुटेल आणि नव्या बोअरवर रेघ ओढेल. मग टोक बारीक कानसीने, एकाच दिशेने, दोन-दोन घाव देत पुन्हा मापायचं. तीन सिलिंडर, प्रत्येकी दोन कॉम्प्रेशन रिंगा, म्हणजे सहा वेळा. लेखकांना याला एक अख्खी सकाळ लागली. वहीत सहा आकडे आहेत, आणि तिसऱ्या आकड्यासमोर लिहिलं आहे: ‘घाई केली, पुन्हा मोजलं, बरं झालं.’

मोजण्याइतकंच धुण्याचं महत्त्व आहे आणि ते मला नुकसान करून कळलं. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका शेजाऱ्यांच्या पद्मिनीचं इंजिन मी बांधायला घेतलं. क्रँक दहा थाऊने घासून आणला, म्हणजे पाव मिलिमीटर. चकाकत होता. फडक्याने पुसला, बेअरिंगं घातली, आवळलं. तीनशे किलोमीटरही झाले नसतील, ऑईलच्या दाबाचा दिवा लुकलुकू लागला. उघडून पाहतो तर नव्या बेअरिंगांवर नांगरल्यासारख्या रेघा. घासताना निघालेला चुरा क्रँकच्या आत पाडलेल्या ऑईलच्या बारीक भोकांत बसला होता, आणि पहिल्याच दिवशी ऑईलच्या दाबाने तो बेअरिंगांत गेला होता. ग्राइंडिंगवाल्याला मी दोष देऊ शकलो असतो. पण ती भोकं तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने, पलीकडून स्वच्छ धार येईपर्यंत धुणं हे बांधणाऱ्याचं काम आहे. शेजाऱ्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. दुसऱ्यांदाचा सगळा खर्च मी दिला. त्यानंतर माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक बॅचला क्रँक धुण्याचं प्रात्यक्षिक मी सगळ्यांत आधी दिलं. या पुस्तकातही धुण्याला जेवढी पानं दिली आहेत तेवढी मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत, आणि त्याचा मला आनंद आहे.

असं पुस्तक मराठीत का हवं? परदेशात सामान्य माणसासाठी असं लेखन बरंच जुनं आहे. ब्रिटनमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर पहिलं मॅन्युअल काढलं. गाडी खरोखर सुटी करायची, पुन्हा जोडायची, आणि जे हाताला आलं तेच छापायचं, हा त्यांच्या पुस्तकांचा पाया. अमेरिकेत जॉन म्यूर यांनी १९६९ साली फोक्सवॅगनवर पुस्तक लिहिलं, तेही ज्याने आयुष्यात पाना धरला नाही अशा माणसासाठी. मराठीत आयटीआयची क्रमिक पुस्तकं आहेत, मी स्वतः त्यांवरूनच शिकवलं. पण ती परीक्षेसाठी आहेत. क्रँकशाफ्टची व्याख्या त्यांत मिळते. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघडा ब्लॉक रात्रभर कसा झाकून ठेवायचा, हे मिळत नाही. आपल्याकडची ही विद्या तोंडी राहिली, आणि ज्याला उस्ताद भेटला त्यालाच ती मिळाली. मुलींना तर फारच क्वचित. माझ्या शेवटच्या काही बॅचांत मुली आल्या तेव्हा मापं घेण्यात त्या सरस ठरल्या. गॅरेजात उमेदवारीला मात्र त्यांना जागा मिळेना. लिहिलेलं पुस्तक असा दरवाजा अडवत नाही.

आणि आत्ताच का, तर वेळ थोडा आहे. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची यंत्रं चालवणारे वयस्क झाले आहेत, त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली आहेत. माझ्या माहितीतल्या दोन दुकानांत आता मोबाइलचं सामान विकतात. नव्या गाड्यांची इंजिनं १ एप्रिल २०२०पासून बीएस-सहाच्या नियमांत आली, त्यांत सेन्सर आणि संगणक इतके गुंतले आहेत की घरी हात घालावा अशी ती राहिली नाहीत, आणि मीही तसा सल्ला देणार नाही. म्हणजे ज्यावर शिकता येईल अशी साधी, कार्ब्युरेटरची किंवा सुरुवातीच्या इंजेक्शनची इंजिनं जितकी आज शिल्लक आहेत तितकी दहा वर्षांनी नसतील. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीतले रबरी होज आणि कार्ब्युरेटरमधली रबरं त्याने खराब होऊ शकतात, तेव्हा इंजिन उघडलंच आहे तर ती त्याच वेळी बदलावीत. पंधरा वर्षांपुढच्या खासगी कारच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, शिवाय फिटनेसची तपासणी आहेच. गाडी ठेवायची की मोडीत द्यायची, हा निर्णय हजारो घरांत आज होतो आहे.

त्या बाबतीत मी जुन्याचा आंधळा कैवारी नाही. ऑईल जाळत, निळा धूर सोडत फिरणारी गाडी ही शेजारच्या पोराच्या फुप्फुसावर टाकलेलं ओझं आहे. तिचं इंजिन बांधावं किंवा ती थांबवावी, तिसरा मार्ग नाही. चासी गंजून पोकळ झाली असेल तर इंजिनावर एक रुपयाही घालू नये. हे लेखकानेही सुरुवातीलाच सांगितलं आहे. पण पत्रा धड आहे, चाकं सरळ आहेत, आणि फक्त तीन सिलिंडर झिजले म्हणून अख्खी गाडी भंगारात जात असेल, तर ती उधळपट्टी आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, आणि दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आता आपल्याकडेही होते. हक्क मिळाला तरी हातात कसब नसेल तर तो कागदावरच राहील.

पुस्तकाकडून काय अपेक्षा ठेवावी तेही सांगतो. ते एकाच इंजिनाच्या आधारे लिहिलं आहे. त्यातले सगळे आकडे मारुती ८००चे आहेत, दुसऱ्या गाडीला ते लावू नयेत, त्या-त्या गाडीचं मॅन्युअल मिळवावं. डिझेल इंजिन यात नाही. बोअरिंग, ग्राइंडिंग, हेड सपाट करणं ही कामं घरी होत नाहीत, ती लेथवाल्याकडेच द्यायची. पुस्तक शिकवतं ते त्याच्याकडे काय मागायचं आणि परत आणलेलं कसं तपासायचं हे. जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, उघडं पेट्रोल असताना जवळ ज्योत नको, काढलेलं जुनं ऑईल गटारात सोडू नका, हे तीनही इशारे पुन्हा पुन्हा आले आहेत. कोणाला ते कंटाळवाणे वाटतील. मी लेखकाला एकही गाळू दिला नाही.

जिथे लेखकाचं आणि माझं पटलं नाही तिथेही त्यांचंच मत राहू दिलं आहे. जुने हेड बोल्ट त्यांनी मोजून, आटे तपासून पुन्हा वापरले. मी नवे घेतले असते. त्यांचे अजून टिकले आहेत.

गाडी आजही चालते. मागच्या दिवाळीत लेखक तिच्यातूनच मला भेटायला आले होते, आणि मी पहिल्यांदा पाहिलं ते मागच्या नळीकडे. धूर नव्हता.

पुस्तकाच्या शेवटी एक पान कोरं ठेवायला मी सांगितलं आहे. पहिला बोल्ट सोडण्याआधी कॉम्प्रेशन गेज लावा, तुमच्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा आकडा आधी कोरडा आणि मग ऑईल घालून घ्या, आणि तारखेसह त्या पानावर लिहा. मग पान एक उघडा.